रोटी फुगल्यास आनंद घ्यावा

बायको गेली त्याला आता चौदा महिने झाले. भेटायला येणारे लोक सुरुवातीला तिच्याविषयी बोलत, मग तिच्या आजाराविषयी. आता सगळे एकच विचारतात, "जेवणाचं काय करता?" मी म्हणतो, करतो. "डबा लावला?" नाही. "बाई ठेवली?" नाही. मग ते माझ्या हातांकडे बघतात. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर डकवलेले हे हात ज्वारीची भाकर थापतात, हे अमरावतीत कुणाला खरं वाटत नाही. कसं शिकलात, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. उत्तर लांब आहे आणि त्यात माझी अब्रू जाते. लिहिताना निदान समोरचा हसताना दिसत नाही, म्हणून लिहितो.

मला यंत्रांचा मोह होता. मोटारी, घड्याळं यांच्याकडे माझा डोळा कधी गेला नाही. पण रस्त्याच्या कडेला एखादा माणूस टेबलावर गाजर ठेवून काहीतरी फिरवायला लागला की माझे पाय तिथेच रुतायचे. खरी गोम अशी की यंत्राबरोबर पुस्तिका यायची. ती मी घरी येऊन पहिल्या पानापासून वाचत असे, इशाऱ्यांसकट. यंत्र नंतर चालो न चालो, वाचन झालेलं असे. अशी आमच्याकडे लसूण सोलायची रबरी नळी आली, बारा पात्यांची किसणी आली. उकडलेल्या अंड्याच्या चकत्या पाडायचं तारांचं यंत्रही आलं. आमच्या घरात अंडं शिजत नव्हतं. बायकोने त्यात एकदा केळं कापलं, धुऊन पुसून ठेवलं आणि म्हणाली, "झालं. वापरलं. आता वर ठेवा."

वर म्हणजे सज्ज्यावर. सगळी खोकी शेवटी तिथे जात. मी ठेवत नसे, तीच ठेवत असे. एका हिवाळ्यात असंच एक खोकं वर सरकवताना तिच्या पायाखालचं स्टूल हललं आणि तिचं उजवं मनगट मोडलं. खोक्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. उघडलंही नव्हतं.

प्लास्टर दीड महिन्याचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रडली ती दुसऱ्या दिवशी, अकोल्याहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आल्यावर.

"काहून रे, मले सांगतलं नाही?" ताईचा आवाज रिसीव्हरमधून हॉलभर ऐकू येत असे. "सोमवारी येतो मी. दीड महिना राहतो. तुले तर पाणी उकळता येत नाही."

ताईचं मन सोन्यासारखं होतं, आणि ती आमच्याकडे राहून गेली की घर ओळखू येत नसे. मागे एकदा ती वीस दिवस होती. त्यात जिऱ्याच्या डब्यात ओवा गेला, मीठ खिडकीतून फळीवर गेलं, आणि बायकोने माहेराहून, अंजनगावाहून आणलेली पितळी पळी 'जुनाट' म्हणून भांडेवालीला गेली. ताईच्या मते बायकांचे दोनच प्रकार होते, स्वयंपाक येणाऱ्या आणि तिच्या भावजया. बायकोला आपलं स्वयंपाकघर परत मिळवायला वर्ष लागलं होतं.

"हात जुळून येईल," बायको डोळे पुसत म्हणाली. "माहा ओटा नाही येत वापस."

त्या एका वाक्यापुढे मी शूर झालो. ताईला उलट फोन केला आणि म्हणालो, "तू ये. एक दिवस जेवून पाहा. माझं नाहीच जमलं तर राहा."

मग ताई म्हणाली, "तू रांधशील?" आणि कुणाला तरी मोठ्याने सांगितलं, "अवं, आयका तं! बाबू भाकर करते म्हंते!" मागे हसण्याचा आवाज आला. शेतीवर चालणाऱ्या त्या घरात त्या वर्षी कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं, म्हणून मला रागही आला नाही.

ती वर्षं वाईट होती. सकाळी ग्रंथालयात वर्तमानपत्रं लावताना पहिल्या पानावरच्या शेतकरी-आत्महत्येच्या बातमीतलं गाव ओळखीचं नसलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग तसं वाटल्याची लाज. अशा वर्षी गावात कृषी प्रदर्शन भरलं होतं. बायकोची औषधं आणायला निघालेलो मी मैदानावर कसा पोचलो, ते मला सांगता येणार नाही. बियाण्यांच्या आणि पंपांच्या दुकानांपुढे शुकशुकाट होता. तिथली माणसं खुर्च्यांवर हात बांधून बसली होती. सगळी गर्दी एका कोपऱ्यात होती. शेतावरून आलेली, धोतर-टोपीतली माणसं टाचा उंचावून बघत होती. मीही उंचावल्या.

आत एक टाय लावलेला माणूस कणकेचा गोळा दोन तव्यांमध्ये ठेवत होता. झाकण दाबलं, उघडलं, की आत गोल पोळी. पुन्हा झाकण टेकवलं, की ती टम्म फुगायची. "ना बेलन, ना पोळपाट! भाभी का हात दुखेगा नहीं!" तो ओरडला. मला वाटलं, तो माझ्याशीच बोलतो आहे.

औषधं विसरून मी खोकं घेऊन घरी आलो. बायकोने खोक्याकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हात मोडला तो खोक्यानं," ती म्हणाली. "आता हे दुसऱ्या हातासाठी आणलं का?"

मी पुस्तिका उघडली. तिचं मराठी भाषांतर कुणी केलं होतं देव जाणे, पण माझ्या आयुष्यातल्या वाचनात तिला वरचं स्थान आहे. 'गोळा मध्यात न ठेवता किंचित मागे ठेवावा. झाकण दाबावे. अति दाबू नये. रोटी फुगल्यास आनंद घ्यावा.'

चार दिवस आनंदाचा प्रसंग आला नाही. पोळ्या यंत्रातून पापडासारख्या निघत, किंवा पुढून सटकून ओट्यावर पडत. बायको दारात खुर्ची टाकून बसे आणि "पीठ सैल करा," "अजून सैल," "आता हे भिंतीले सारवाले घ्या," असं सांगत असे. पाचव्या दिवशी एक पोळी फुगली. आम्ही दोघांनी पुस्तिकेप्रमाणे केलं. तिने डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

आणि त्याच संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. "अहो, पण ताई गहू कुठं खातात? त्यांचं पोट तट्ट फुगते. त्यांना भाकर लागते."

दुसरा दिवस रविवारचा होता. सोमवारी ताई. मी पुस्तिका पुन्हा वाचली. त्यात ज्वारीचा उल्लेख नव्हता, पण मनाईही नव्हती. ग्रंथालयात नियम असाच लावतात, जे मना नाही ते चालतं. मी ज्वारीचं पीठ थंड पाण्यात भिजवलं, सैल केलं, गोळा किंचित मागे ठेवला आणि झाकण दाबलं. आतून आधी शिट्टीसारखा बारीक आवाज आला. मी अति दाबलं. मग फट्ट झालं, झाकण माझ्या हातातून उडालं, आणि भाकरीचा अर्धा भाग कॅलेंडरवर जाऊन एकादशीला चिकटला. यंत्राचा दिवा विझला. बायको हसू दाबत होती आणि प्लास्टर हलू नये म्हणून पोटाशी धरून होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे मिस्त्रीचाचा मिक्सर, पंखे दुरुस्त करत. त्यांनी यंत्र उघडलं, आतलं खरवडलं, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, जवारी घातली याच्यात?"

"घातली."

"हे गव्हाचं मशीन हाय. म्हशीले चहा पाजल्यावानी केलं तुमी." मग आत तोंड करून त्यांनी आवाज दिला, "अजी सुनती हो? सरने मशीन में जवारी डाली!"

आतून बाईंचा आवाज आला, "अल्ला! तो पानी उबाल के डालना था ना!" त्या पडद्याआडूनच मला पाच मिनिटं शिकवत राहिल्या. उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, झाकायचं, गरम असतानाच मळायचं, मग दाबलं तर फुटत नाही. मी खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. चाचांनी जळालेली तार बदलली आणि यंत्र हातात देताना म्हणाले, "लाइन गेली तं काय करान?"

लाइनीचं मी पाहून ठेवलं होतं. त्या काळी विजेच्या भारनियमनाच्या वेळा पेपरात येत आणि लोक त्या पंचांगासारख्या पाळत. सोमवारी आमच्या भागात एक ते पाच वीज नव्हती. ताईची एसटी अकराला पोचणार होती. बाराला जेवण. मधे तासभर हाताशी. मी कागदावर आराखडा केला.

ताई पावणेबाराला आली. बसचं टायर मूर्तिजापूरला बसलं होतं. आल्याबरोबर जेवायची ती नव्हे. आधी आंघोळ, मग तुळशीला पाणी, मग देव. देवांपुढे बसून ती हळूच स्वयंपाकघराकडे मान वळवत होती. दीड महिन्याचे कपडे भरलेली पत्र्याची पेटी तिने दारातच ठेवली होती. येता-जाता बायकोची नजर त्या पेटीवर जायची.

हिरव्या तुरीच्या सोल्यांची भाजी मी सकाळीच केली होती. एकाला सात मिनिटं असताना ताई पाटावर येऊन बसली. मी चाचीबाईंच्या पद्धतीने मळलेला उंडा यंत्रात ठेवला, झाकण टेकवलं. फट्ट झालं नाही. मी बायकोकडे विजयाने पाहिलं, आणि तेवढ्यात यंत्राचा लाल दिवा गेला. पंखा फिरत फिरत थांबला. घड्याळात एकाला सहा मिनिटं कमी होती. त्या दिवशी लाइन वेळेआधी गेली.

ताईने पदर कमरेला खोचला. "हट बाबू. उठतो मी."

"ताई," बायको खुर्चीवरून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मी तिच्याकडे वळून पाहिलं. "तुमी पाहुण्या हाय. बसा." मग मला म्हणाली, "परात घ्या."

मी परात घेतली.

"खाली पीठ टाका. उंडा ठेवा. हात सपाट. थापा, मारू नका. फिरवा. अहो, फिरवा म्हणजे भाकर फिरवा, तुमी काहून फिरता?"

पहिली भाकर तव्यावर नेताना मधोमध फाटली. दुसरी नीट गेली, पण एका बाजूला जाड आणि दुसरीकडे कागद. ताईने मान पुढे करून पाहिलं. "हे काय हाय? भाकर हाय का गोवरी?"

"वरून पाणी लावा," बायको म्हणाली. "तिकडं ध्यान देऊ नका."

"खालून काळी पडली, पाह्य!"

"उलटवा. आता आचेवर धरा. चिमटा कुठं हाय? डाव्या हाताले. तुमच्या डाव्या, माह्या नाही."

तिसरी भाकर आचेवर धरली आणि तिचा पापुद्रा सुटला. सगळा नाही. एका अंगाला, लहान मुलाच्या गालासारखा. मी ती ताईच्या ताटात वाढली. ताईने पापुद्रा उचलून आत वाफ पाहिली, तुकडा मोडला, सोल्यांच्या भाजीत बुडवला आणि खाल्ला. बायकोने खुर्चीची दांडी धरून ठेवली होती.

"मीठ कमी हाय भाजीत," ताई म्हणाली. मग दुसरा तुकडा मोडत, ताटाकडेच पाहून, "चाळीस वर्षांत मले कोणी गरम भाकर वाढली नाही. मी सगळ्यांचं झाल्यावर बसतो. तोवर थंडी होते." तिने चार खाल्ल्या. काळ्या बाजूंसकट.

पाचला वीज आली. ताई हात धुऊन यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. "हे चालते कसं? दाखव तं." मी गव्हाचा गोळा ठेवून दाखवला. पोळी टम्म फुगली आणि ताईने टाळी वाजवली. "अरे बाप! पुन्हा कर." पुन्हा केली. तिसरी तिने स्वतः केली, चौथी केली, अकरा केल्या. गहू न खाणाऱ्या बाईने अकरा पोळ्या करून आमच्या दोघांपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "हे मी नेतो. तुले काय करायचं? तुले तं आता येते."

संध्याकाळच्या बसला मी तिला पोचवलं. पत्र्याची पेटी वर टपावर गेली, यंत्राचं खोकं मांडीवर. बस हलताना तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, "मीठ घालत जाय!"

मग प्लास्टर निघेपर्यंत मी भाकरी थापल्या. बायको दारात खुर्चीवर बसून राहायची आणि सांगायची. मी रोज कॉलेजातून घरी येताना ताजं पीठ दळून आणत असे. हळूहळू ती कमी सांगू लागली. कधी माझी भाकर चांगली फुगली की मला वाटायचं ती काही बोलेल, पण ती खिडकीबाहेर बघत असायची. प्लास्टर कापलं त्या दिवशी आम्ही रिक्षाने घरी आलो. मनगट बारीक, पांढरं पडलं होतं. मी कपडे बदलून, हात धुऊन नेहमीसारखा परातीपुढे बसलो आणि पिठात पाणी ओतणार, एवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली. बोटं उघडझाप करत होती.

"व्हा तिकडं," ती म्हणाली.

मला जरा वाईटच वाटलं. पण मी झालो.