बद्द वाजणारे कप

आमच्या घरात कपांची एकही जोडी धड उरलेली नाही, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या नवऱ्याला. हे टाइल्सच्या कारखान्यात प्रेसवर आहेत. साच्यात मातीची भुकटी भरायची, वरून दाब द्यायचा. आत हवा अडकली तर टाइलच्या पोटात पापुद्रा सुटतो. वरून काही दिसत नाही, पण भट्टीतून निघाल्यावर बोटाने टकटक केली की बद्द वाजते. प्रेसवर लागल्यापासून हे दिसेल ते वाजवत सुटलेत. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप आधी वाजवला, मग तोंडाला लावला. आई आजही ते विसरलेली नाही.

हल्ली मात्र कहर झाला होता. उठलं की एखादा कप बद्द ठरायचा आणि कचऱ्यात जायचा. अहो, धड आहे म्हटलं तर उत्तर ठरलेलं, तुला काय कळतंय. बोलून बोलून माझ्याच तोंडाला फेस आला.

परवा यांचे सुपरवायझर घरी आले. तेही वैतागलेले. दादा सारखी प्रेस बंद करतात, माल बद्द वाजतो म्हणतात, आणि आम्ही वाजवावा तर खणखणीत. असंच चाललं तर त्यांना प्रेसवरून काढावं लागेल, असं सांगून गेले.

मी म्हणणार होते की टाइल्सचं काय घेऊन बसलात, इथे कप संपलेत. पण मध्येच मनात आलं, तिथल्या टाइल्स आणि इथले कप. एवढं सगळं एकदम कसं बिघडेल?

हे खिडकीशी पाठमोरे बसले होते. मी स्टीलचा पेला घेऊन मागे उभी राहिले आणि चमच्याने जोरात वाजवला. मान वळली नाही.

समोर जाऊन मोठ्याने विचारलं, "कधीपासून?"

 म्हणाले, "नाही ऐकू आलं तर बद्द धरायची. खराब माल तरी पुढे जात नाही."

"आणि माझे कप?"

मला इतका राग आला होता की रडूच फुटलं. यांनी उठून फळीवरचा शेवटचा कप माझ्या हातात दिला. "वाजव. तूच सांग."

मी वाजवला. चांगला आहे, म्हटलं. स्वतः वाजवून न बघता त्यांनी तो परत फळीवर ठेवला. मग मी कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणाले, तर मुकाट्याने चपला शोधायला लागले.