पुढच्या महिन्यात घेते

रहांगडाले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत माहितीचा तक्ता भरत होते. फोन त्यांच्या मुलाचा. "मॅडम, बाबा गेले जी... पहाटेच." हातातला तक्ता पूर्ण केला, बेरीज जुळवली आणि मग वर्गातल्या बाकावर बसून रडले. सालेकशाच्या जंगलाकडच्या आमच्या बारा शाळांचे ते केंद्रप्रमुख. दर महिन्याला आम्हा मास्तर-बाईंची बैठक घेणे हे त्यांचे काम.

खरे सांगते, बैठकांचा मला मनापासून वीट आला आहे. परिपत्रक ऐकायचे, माना डोलवायच्या, 'आजच्या आज' माहिती द्यायची, चहा प्यायचा, सही करून सुटायचे. टेबलाखाली पेपर तपासणारे आम्ही सगळेच. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मी नवीन होते. ऊन तापले म्हणून शाळा सकाळी सातला भरवा, असे वरून आले होते. सरांनी बैठकीत हजेरी विचारली. जो तो उठून "पूर्ण आहे, सर" म्हणत खाली बसला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "तीसपैकी नऊ." मागे कोणीतरी फिसकन हसले. सर मात्र हसले नाहीत.

"काऊन जी? बाकीची कोठी गेली?"

"मोहाच्या झाडांखाली, सर. पहाटेपासून फुलं वेचून राहिलीत. दहाशिवाय घरी येत नाहीत."

ते सगळ्यांकडे बघत म्हणाले, "आता बाकीच्यांनी खरी हजेरी सांगा." त्या दिवशी बैठक दुपार टळेपर्यंत चालली, आणि मोह सरेस्तोवर आमच्या शाळा दहाला भरल्या. त्याबद्दल सरांना नोटीस आली. ती त्यांनी आम्हाला दाखवलीसुद्धा नाही.

पण मागून आलेले ते हसणे माझ्या मनातून गेले नाही. पुढे मुख्याध्यापिका झाले, तरी चार लोकांपुढे बोलायची वेळ आली की मी दुसऱ्या कोणाला पुढे करायचे. सरांच्या निवृत्तीला वर्ष उरले होते आणि त्यांच्यामागे केंद्राचा प्रभार माझ्याकडेच येणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. शेवटचे तीन महिने बैठकीआधी ते मला व्हरांड्यात गाठायचे. "मॅडम, आज तुमी घ्या जी. मले बोलताना दम लागून राहिला." मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात घेते, सर." ते "बरं" म्हणायचे. आत जाऊन खुर्चीची पाठ धरून उभे राहायचे आणि दोन वाक्यांमागे एकदा थांबत सगळी बैठक काढायचे. मी पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. मला सगळे दिसत होते आणि तरी मी उठले नाही. याची लाज वाटते, आणि ती आता कोणापुढे बोलूनही कमी होत नाही.

गेल्या आठवड्यात प्रभार घेतला. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि बैठकीच्या इतिवृत्ताची वही. बैठकीच्या आधीच वहीत मथळा लिहून ठेवायची त्यांची पद्धत होती, हे मला माहीत नव्हते. शेवटची पाने चाळली. 'अध्यक्ष' यापुढे त्यांच्या गोल अक्षरात माझे नाव होते. त्यावर एक रेघ, आणि वर बारीक अक्षरात त्यांचे स्वतःचे. मागचे पान पाहिले, तेच. त्यामागचेही तेच. तीन महिने हा माणूस माझे नाव लिहून येत होता आणि माझे उत्तर ऐकून खोडत होता.

पुढचे पानही त्यांनी लिहून ठेवले होते. तारखेची जागा तेवढी कोरी. खाली माझे नाव, आणि त्यावर रेघ मारायला सर नाहीत. दमले आहे मी, फार दमले आहे... पेन उघडले आणि या महिन्याच्या बैठकीची तारीख घातली.