मर्विन ट्रँटरचं लाकडी स्टिअरिंग

मर्विन ट्रँटर मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी गेला. वय सदुसष्ट. शेतातल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर चिखल आणला होता, त्यावरून गाडी घसरली आणि फाटकाच्या दगडी खांबाला धडकली. वेग ताशी तीस मैलांच्याही आत होता. एक दिवा फुटला, नाक चुरडलं. बाकी गाडी शाबूत होती.

ज्या स्टिअरिंगवर त्याची छाती आदळली ते मी बसवलं होतं. सहा बोल्ट. त्यानं धरलं होतं, पाना माझ्या हातात होता.

हे त्याच्या बायकोला, पॉलीनला, माहीत नव्हतं. आणखी एक गोष्ट तिला माहीत नव्हती. मृत्यूची चौकशी ऑक्टोबरात लागली. दोन्ही गोष्टी तिथं निघणार होत्या. त्या तिनं परक्या माणसांनी भरलेल्या खोलीत ऐकायच्या, की आधी माझ्या तोंडून, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

मर्विन सोळाव्या वर्षी कॉव्हेंट्रीतल्या एका मोटार कारखान्यात लागला. गाड्यांची दारं ज्या साच्यांतून निघतात ते साचे करणं हे त्याचं काम. एकतीस वर्षं त्यानं दारांचे साचे केले. "लाखो दारं निघाली माझ्या हाताखालून," तो म्हणायचा, "पण एकाही दारातून आत जाऊन बसावंसं वाटलं नाही." कारखाना बंद पडला. पुढची पंधरा वर्षं तो एका प्राथमिक शाळेत केअरटेकर होता. गळके नळ, थंडीत पायऱ्यांवर मीठ, पोरं ओकली की त्यावर भुसा. पॉलीन त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती.

त्याला हवी होती ती एकोणीसशे पंचावन्न सालची एक उघडी रेसिंग गाडी. लांब नाक, दोन सीट, चालकाच्या डोक्यामागं उंचवटा. तशा मोजक्याच झाल्या. आज त्यातली एक घ्यायची तर आमची अख्खी गल्ली विकावी लागेल. म्हणून त्यानं नक्कल केली. सांगाडा स्वतः जोडला. फायबरचं अंग एका छोट्या वर्कशॉपमधून आणलं. इंजिन भंगारातल्या एका साध्या गाडीचं. नऊ वर्षं लागली. आमच्या घरांच्या ओळीमागं पत्र्याच्या दारांची गॅरेजं आहेत, त्यातल्या शेवटच्या गॅरेजमध्ये.

मी साहित्याची पदवी घेऊन घरी परत आले होते आणि सुपरमार्केटमध्ये काउंटरवर बसत होते. एका शनिवारी कचरा टाकायला चालले होते. तो गाडीखालून म्हणाला, "ए पोरी, वाचता येतं का?"

"पदवी आहे माझ्याकडं. साहित्याची."

"मग तर फारच छान. हे घे. यात गोष्ट नाही, पण पानं भरपूर आहेत."

ती सरकारी नियमांची पुस्तिका होती. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर त्यातली प्रत्येक ओळ पाळावी लागते. त्याचे हात ग्रीसनं भरलेले असत. म्हणून दर शनिवारी मी वाचायचे आणि तो काम करायचा. मी फार भराभर वाचलं तर म्हणायचा, "कीली, कविता नाही ती. ब्रेक आहेत."

अशी गाडी बांधून संपत नाही. फायबरला केसासारख्या चिरा पडतात, त्या भरायच्या. पाऊस झाला की गाडीच्या तळाशी साचलेलं पाणी पुसायचं. इंजिनला हवा-पेट्रोल देणारे दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखा श्वास घेतायत का, हे रबरी नळी कानाला लावून ऐकायचं. आणि सगळं सैल होत असतं. त्यानं प्रत्येक नट-बोल्टवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली होती. दर रविवारी सकाळी वाकून बघायचा. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

पेट्रोल पंपावर लोक विचारायचे, "खरी आहे का हो?"

"खोटी आहे," तो म्हणायचा. "पण माझ्या हातची खोटी आहे."

नाकावर मूळ कंपनीचा बिल्ला लावायची गोल जागा त्यानं रिकामी ठेवली होती. अशा गाड्या बांधणाऱ्यांचा एक क्लब होता; त्यातला बॅगनल, निवृत्त खाटीक, तशीच गाडी बांधत होता. त्यानं इंजिनच्या आधी बिल्ला लावला.

"कवळी घालून हसतोयस लेका," मर्विन म्हणाला.

"अरे, रस्त्याच्या पलीकडून कुणाला कळतंय?"

"मला कळतं. मी आत बसलेला असतो."

गाडीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नाही. एकदाच बोलला, आणि तेही पॉलीनशी.

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा पॉलीननं त्याला एक स्टिअरिंग दिलं. डर्बीशरमधल्या एका म्हाताऱ्यानं हातानं केलेलं. अक्रोडाच्या लाकडाचं कडं, अॅल्युमिनियमच्या पातळ काड्या, काड्यांना ओळीनं भोकं. तिनं दोन वर्षं सुट्टीतही शाळेत साफसफाईचं काम घेऊन ते घेतलं होतं. गाडीला तेव्हा चाकंही नव्हती. स्टिअरिंग चार वर्षं गॅरेजच्या भिंतीवर, जुन्या उशीच्या अभ्र्यात लटकत राहिलं.

मग एका शनिवारी मी स्टिअरिंगचं पान वाचलं. काड्यांना बोट अडकेल अशी भोकं नकोत. धडकेत चालकाची छाती आदळली तर मधला भाग दबला पाहिजे.

"परत वाच," मर्विन म्हणाला.

मी परत वाचलं.

त्यानं भिंतीवरच्या अभ्र्याकडं बघितलं. "पॉलीनला यातलं काही बोलू नकोस."

यावर क्लबाकडं तोडगा होता. एक लाकडी पेटी. तिच्यात एक जाड, कुरूप, काळं स्टिअरिंग होतं आणि त्यामागं धडकेत दबणारी नळी. शिवाय मोठे आरसे, धारदार कडांना लावायच्या रबरी पट्ट्या, सीटमागं डोकं टेकायच्या उंच उश्या. गाडी तपासणीला नेताना हे सगळं चढवायचं. पास झाली की उतरवायचं आणि पेटी पुढच्याला द्यायची. झाकणाच्या आतल्या बाजूला पास झालेल्यांची नावं होती. चौदा. याला कुणी फसवणूक म्हणत नसे. "मुलाखतीचा कोट आहे," बॅगनल म्हणायचा. "नोकरी लागल्यावर कोण घालतं?"

मर्विनचं नाव पंधरावं लागलं. पॉलीन तपासणीला आली नव्हती. तिचा गुडघा दवाखान्यात दाखवायचा होता. संध्याकाळी आम्ही परतलो तर ती दारात उभी.

"काय झालं?"

"पास."

"आणि माझं स्टिअरिंग? पसंत पडलं का त्यांना?"

"तो म्हणाला, असं काम हल्ली बघायला मिळत नाही," मर्विन म्हणाला.

मी त्याच्या मागं उभी होते. मला हसू आलं. मला ते गोड वाटलं.

शनिवारी बॅगनल पेटी न्यायला आला. त्याची तपासणी पुढच्या गुरुवारी होती. मर्विननं काळं स्टिअरिंग सोडवलं, मागची नळी हातात घेऊन फिरवून बघितली. जाळीसारखी कापलेली होती.

"बघ कीली. मुद्दाम कमजोर केलीय. धडक बसली की ही आधी मरते. आपल्याऐवजी." त्यानं ती अंगठ्यानं पुसली. "सुरेख काम आहे."

"मग राहू दे ना ती. वर लाकडी लाव."

"भोकं जुळत नाहीत."

"जुळणारी मिळते की," बॅगनल म्हणाला. "पण तिनं स्टिअरिंग तीन इंच मागं येतं. पोटात घुसेल तुझ्या. एवढं मोठं पोट, म्हाताऱ्या, तुझं!"

मर्विन हसला नाही. भिंतीवरून अभ्रा उतरवत म्हणाला, "चाळीस वर्षांत तिनं एवढी एकच भारी वस्तू घेतली. ती भिंतीला टांगून ठेवू?"

मधे बसवायचा तुकडा त्यानं स्वतः लेथवर केला होता. भरीव. त्याच्या मनगटाचे सांधे दुखत, म्हणून बोल्ट मी आवळले. समोरासमोरचे, थोडे थोडे, त्यानं शिकवलं तसे. मग त्यानं पांढऱ्या रेघा ओढल्या.

नियम मी वाचला होता. दोनदा. तरीही आवळले.

अपघातानंतर पोलिसांनी माझा जबाब घेतला, कारण गाडीची देखभाल आम्ही दोघं करत होतो. स्टिअरिंगबद्दल मला विशेष माहिती नाही, असं मी सांगितलं आणि सही केली. सप्टेंबरात कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून फोन आला. तपासणीच्या कागदांबरोबर गाडीचे फोटो होते. त्यात काळं स्टिअरिंग होतं. "तुमच्या जबाबात काही दुरुस्ती करायची आहे का?" बाईंचा आवाज मऊ होता. मी म्हटलं, करायची आहे.

बॅगनलला सांगितलं तर तो चिडला. "कशाला? गेला तो. त्या बिचारीला आणखी का मारतेस? माहीत नाही म्हणून मोकळी हो."

"माहीत आहे."

"मग तुझ्याजवळ ठेव!"

चौकशीच्या आदल्या रविवारी मी पॉलीनकडं गेले. ती नाताळसाठी बारके कांदे सोलत होती, व्हिनेगरमध्ये मुरवायला. मलाही सुरी दिली. दोघींचे डोळे आधीच ओले होते.

"त्या कॉरोनरकडच्या बाई म्हणाल्या, कागदावर बहुतेक अपघात असं येईल," ती म्हणाली. "साधा शब्द आहे. बरा आहे."

मी सुरी खाली ठेवली आणि सांगितलं. पेटी, नळी, तपासणीला गेलेलं काळं स्टिअरिंग. मर्विन तिच्याशी काय खोटं बोलला ते. पाना कुणाच्या हातात होता ते. फार वेळ लागला नाही.

ती कांदे सोलत राहिली. तीन-चार सोलले.

"म्हणजे माझं ते पासच झालं नव्हतं."

"नाही. नेलंच नव्हतं."

"आणि ते काळं असतं तर?"

"मला नाही माहीत."

"पण तुला काय वाटतं?"

"फासळ्या मोडल्या असत्या बहुतेक."

"किती बोल्ट?"

"सहा."

"सगळे तूच?"

"हो."

"त्या संध्याकाळी तू हसली होतीस," ती म्हणाली. "त्याच्या मागं उभी राहून. मला वाटलं होतं, पोरगी खूश झालीय."

तिनं माझ्यासमोरचे कांदे आपल्याकडं ओढले. "जा तू आता."

मंगळवारी चौकशी होती. खोली शाळेच्या वर्गासारखी. पॉलीन पहिल्या ओळीत, तिच्या शेजारी तिची बहीण. बॅगनल मागं, टाय लावून. मी एकटी बसले.

अपघाताचा तपास करणारे पोलीस अधिकारी आधी बोलले. मधला भाग भरीव असल्यामुळं दबला नाही, म्हणाले. "बोल्ट जराही हललेले नव्हते. पांढऱ्या खुणा जागच्या जागी होत्या. काम उत्कृष्ट होतं." हे त्यांनी बहुधा कुटुंबाला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

मग मी. पहिला जबाब अपुरा होता हे मान्य केलं. मग पेटी, काळं स्टिअरिंग, सहा बोल्ट, सगळं सांगितलं; मर्विन तेव्हा काय म्हणाला होता ते कुणी विचारलं नाही. कॉरोनर बाई सावकाश लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "कुटुंबापैकी कुणाला साक्षीदाराला काही विचारायचं आहे?"

पॉलीन उठली. गुडघ्यामुळं तिला टेबलाला धरावं लागलं.

"एकच. काढताना त्याला माहीत होतं का? आपण काय काढतोय ते?"

मागं बॅगनल माझ्याकडं बघत असणार. मी नाही म्हटलं असतं तर तिचा साधा शब्द तिला मिळाला असता. मर्विनला कळलं नाही, घाईत राहून गेलं, एवढंच. ते खोडून काढणारं बॅगनलशिवाय कुणी नव्हतं, आणि तो बोलला नसता.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं. त्यानं ती नळी हातात धरून मला समजावून सांगितलं. धडक बसली की ही आपल्याऐवजी मरते, असं म्हणाला. मग पेटीत ठेवली."

"बरं," पॉलीन म्हणाली आणि खाली बसली.

कॉरोनरनी निष्कर्ष वाचला. धोका माहीत असताना मर्विन ट्रँटर यांनी स्वतः होऊन तो पत्करला, आणि त्यातून मृत्यू ओढवला. नुसतं अपघात असं त्यांना लिहिता आलं नाही. मला वाटतं, पॉलीननं विचारलं नसतं तर आलं असतं.

बाहेर पॉलीन बसथांब्यावर उभी होती. बहीण चहा आणायला गेली होती. मी जरा अंतरावर थांबले.

"नाही म्हणाली असतीस," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तर रोज उठून मला वाटलं असतं, मीच. मी दिलं, त्यानं लावलं. बिचाऱ्याला काय माहीत." तिनं कोटाचं वरचं बटण लावलं. "आता निदान त्याच्यावर रागावता येईल."

"पॉलीन, मी..."

"तुझ्यावरही. तू येऊ नकोस इतक्यात घरी. येऊच नकोस. मला यावंसं वाटलं तर मी येईन."

बहीण चहाचे दोन कागदी कप घेऊन आली. पाठोपाठ बस आली. ड्रायव्हर गरम चहा आत नेऊ देईना. पॉलीननं दोन्ही कप थांब्याच्या बाकावर ठेवले, गुडघ्यावर हात दाबून पायरी चढली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

मी पुढच्या बसनं गेले.