तिसरं सिलिंडर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. मी इंजिनवाला माणूस... बिघाड असला की त्याला कारण असतंच, असं मानणारा. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटते — पण घडलं ते घडलं.

१९७२ चा जानेवारी. लढाई संपून महिना झाला होता. नगरजवळ तोफांच्या सरावाच्या मैदानाला लागून आमची छोटी धावपट्टी होती आणि पत्र्याच्या शेडमध्ये लष्कराची दोन हलकी विमानं. तोफेचा गोळा कुठे पडला ते वरून बघायचं, हे त्यांचं काम. दोन्ही म्हातारी. दोन नंबरचं कायमचं बसलेलं. त्याचे भाग काढून आम्ही एक नंबरचं उडवत होतो. त्याचेही उड्डाणाचे ठरलेले तास संपत आले होते. ‘खर्च फार, उड्डाण कमी’ असा वरून शेरा आला होता, आणि त्या दिवशी अकरा वाजता पुण्याहून साहेब लोक येणार होते. त्यांच्यासमोर विमान नीट उडालं तर तास वाढवून मिळणार, नाहीतर सरळ भंगारात.

आमचे उस्ताद, शेवगावचे हवालदार शेख, यांनी हे विमान बारा वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं. मी पुणतांब्याचा, त्यांच्या हाताखालचा फिटर. परवाच त्यांनी दोन नंबरचं एक सिलिंडर काढून यात बसवलं, इंजिन चालवून पाहिलं आणि कागदावर सही केली. आमच्यात रीत अशी, की इंजिनाची सही ज्याची, त्यानं पहिल्या उड्डाणात पायलटच्या मागे बसायचं.

सकाळी सात वाजता मी ताडपत्री काढली आणि सवयीनं सिलिंडरांवर एकेक करून हात ठेवला. पहिली दोन गारठलेली. तिसऱ्यावर ठेवला — आणि चटका बसला! चौथं पुन्हा गार. अहो, परवापासून इंजिन सुरूच झालं नव्हतं...

उस्तादांना हाक मारली. ते येईपर्यंत तिसरंही गार पडलेलं. आणि तिसरं म्हणजे त्यांनी बसवलेलंच.

"उस्ताद, आईशप्पथ, हात भाजला माझा."

त्यांनी माझा तळहात उलटसुलट पाहिला. खूण काही नव्हती. मी कानकोंडा झालो. ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं त्यांच्याच कामावर मी बोट ठेवत होतो, आणि आता इंजिन खोलायचं म्हणजे अकराची वेळ हुकायची भीती.

"बसवायच्या आधी तडाबिडा तपासल्ता का तुमी?" मी चाचरत विचारलं.

ते म्हणाले, "न्हाई. ते इमान बसलं तवा सिलिंडर चांगलं हुतं, म्हून तसंच चढवलं. चुकलं माझं... खोल लेका, खोल!"

सिलिंडर उतरवलं. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची भुकटी चोळली. बुडाशी हळूहळू ओली रेघ उमटली. बोटभर लांब तडा! हवेत ते फुटलं असतं, आणि मागच्या सीटवर उस्ताद असते.

मग नुसती धांदल! दोन नंबरचं दुसरं सिलिंडर काढलं, खडूनं तपासलं, चढवलं, इंजिन चालवून पाहिलं. फाटकातून जीप आत आली तेव्हा मी हात पुसत होतो.

"सही तू कर," उस्ताद म्हणाले. "मागं बी तूच बस. आज तुझा मान हाय."

काय उडालं म्हणून सांगू! खाली साहेब लोक माना वर करून बघत होते आणि पन्नाशीकडे झुकलेले उस्ताद टोपी हलवत चक्क नाचत होते. वर मीही वेड्यासारखा ओरडत होतो. उतरलो तेव्हा मोठ्या साहेबांनी विमानाच्या पाठीवर थाप मारली. तास वाढवून मिळाले!

पहारेकऱ्याला विचारलं, शेडमध्ये कुणी फिरकलं नव्हतं. स्टोव्ह नाही, दिवा नाही, ऊनही आत पोचलं नव्हतं. नंतर कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. ते हसतात, आणि त्यांच्या जागी मीही हसलो असतो. ते एकच सिलिंडर कशानं तापलं, हे मला आजही सांगता येत नाही.

विमान वाढीव तास पुरे करूनच थांबलं. आणि उस्ताद पेन्शनीत निघाले, तेव्हा शेवगावच्या एसटीवर त्यांची ट्रंक मी माझ्या हातानं चढवली.