सैल केलेल्या शिवणी

मास्तरांनी शिवलेला कपडा अंगाला कधी काचत नाही, अशी त्यांची ख्याती होती. बायकोचा तर नाहीच नाही. त्यामागचं गुपित एकट्या मास्तरांना ठाऊक. तिचा ड्रेस कमरेत दाटू लागला, की दुपारी ती जरा लवंडल्यावर ते गुपचूप शिवण उसवत आणि आत राखलेल्या जादा कापडातून बोटभर सैल करून देत. एकदा ती आरशासमोर हिरमुसली होती, ते त्यांना बघवलं नव्हतं. तेव्हापासून हा उद्योग. स्वतःच्या विजारी मात्र लग्नापासून त्याच मापाच्या, हे ते गिऱ्हाइकांना पोट थोपटून सांगत.

हल्ली दुकानात काजं-बटणं करता करता ती म्हणायची, "अहो, बसल्या जागी धडधडतंय हो." शेवटी दुकानाला कुलूप घालून मास्तरांनी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला आधी निवांत बसू दिलं, मग मनगट धरलं. "शांत बसूनही नाडी नव्वदीच्या पुढे आहे. नुसत्या नाडीवरून काही ठरत नाही. पण कंबरही वाढत असेल, तर साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळंच बघायला हवं. ही मंडळी पुष्कळदा जोडीनं येतात. कपडे घट्ट होतायत का?"

"छे!" ती ऐटीत म्हणाली. "जुने कपडे अजून आजच बेतल्यासारखे बसतात."

"मग दगदग झाली असेल. तपासण्या राहू देत," म्हणत बाईंनी पेन उचललं.

मास्तर कात्रीत सापडले. बोलावं तर ही दुखावणार, गप्प बसावं तर हिच्या जिवाशी खेळ. "बाई, ते मी सैल करतो," ते एकदम बोलून गेले. "कितीदा तरी उसवलंय. तिला वाईट वाटू नये म्हणून."

ती त्यांच्याकडे वळली. आता काही खरं नाही, म्हणून मास्तरांनी मान खाली घातली.

"आणि तुमच्या विजारींची बटणं?" ती हळूच म्हणाली. "ती दरवेळी कोण पुढे सरकवतं?"

मास्तरांचा हात आपसूक कमरेकडे गेला. लग्नापासूनचं ते माप! त्यांचे डोळे भरून आले.

"बसा इथं," डॉक्टरीणबाई हसू आवरत म्हणाल्या. "थोडं शांत व्हा, मग तुमचीही नाडी बघते. तपासण्या दोघांच्याही करू."

मास्तर बसले. बाईंनी मनगट धरलं, तेव्हा त्यांचा दुसरा हात बायकोनं घट्ट धरून ठेवला होता.

"घरी गेल्यावर टेप काढा," ती म्हणाली. "आता खरं माप घ्यायचं. आधी तुमचं."