सुनेचं वेगळं ताट

जुने केसपेपर रद्दीत द्यायला काढले आणि दोन दिवस वाचतच बसलो. माझी बायको महाडात बायकांची डॉक्टर होती. मी शाळामास्तर; शाळा सुटली की तिच्याकडे केसपेपर लिहायला बसायचो. आजार कागदावर उतरतो, किस्से डोक्यात साचत जातात. कुडपण गावच्या एकट्या सुनीताचेच बघा.

लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. यंदा दिवस गेले नाहीत तर सुनेला कायमची माहेरी धाडायची, असं सासूने ठरवलेलं. बायको तपासून म्हणाली, "गर्भपिशवीचा टीबी असू शकतो."

"पण ही खोकत तर नाय कधी!" सोबत आलेली सासू म्हणाली.

"पिशवीचा टीबी खोकत नाही, आजी. घरात कोणी खोकतं का?"

"कोण नाय."

पिशवीच्या अस्तराचा तुकडा मुंबईच्या लॅबला पाठवायचा होता. सुनीताचा नवरा संतोष मुंबईत नोकरीला, म्हणून बाटली त्याच्याच हातात दिली. "उभी धर, ऊन लागू देऊ नकोस," बायकोने बजावलं. वीर स्टेशनपर्यंत रिक्षात प्रत्येक खड्ड्याला हा "हळू रे, हळू" करत होता. शेवटी रिक्षावाला वैतागला, "बायको बसलीय काय त्यात?"

संतोष म्हणाला, "थोडीशी."

लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात, सहा आठवडे लागतात. तेवढ्यात घरी सासूने सुनेचं ताट वेगळं केलं. वर तिसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात येऊन विचारते, "अजून उगवलं नाय? आमची नाचणी एवढ्यात वीतभर होते."

अखेर उगवलं. टीबीच होता. रिपोर्ट ऐकून सासू म्हणाली, "मग हिला आता माहेरी..." आणि खोकल्याची उबळ आली. बायकोने पेन खाली ठेवलं.

"आजी, हा खोकला किती दिवसांचा?"

"हा? हा माझा नेहमीचा हाय."

थुंकी तपासली. तिलाही टीबी निघाला. कोणाचा कोणाला लागला, हे बायकोने काढलं नाही. दोघींच्या गोळ्या एकाच दिवशी सुरू झाल्या. सासू विसरायची, म्हणून तिच्याही सुनीताच द्यायची. माहेरचा विषय मागे पडला.

महिन्याभराने दोघी आल्या. सासूची तक्रार होती.

"मॅडम, हिला जरा सांगा. ते वेगळं ताट आता मला दे म्हटलं, तर देत नाय."

"का गं सुनीता?"

सुनीता खाली बघत म्हणाली, "त्यात कोंबड्या जेवतात आता."