कापडी पंखांनी सातपुड्यावरून

मेश्राम काकांनी विमानाच्या नाकावरचा पंखा हातानेच फिरवला. तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं आणि निळा धूर सोडत चालू झालं. जानेवारीतली सकाळ होती. कामठीपलीकडच्या त्या लहानशा धावपट्टीवर माझी बोटं हातमोज्यांतही बधिर झाली होती.

मी नंदनवन वस्तीतल्या एका शाळेत गणित शिकवते. विमान चालवायचा परवाना चाळिशीनंतर काढला. हे विमान माझ्याहून वयाने मोठं आहे. एकामागे एक अशा दोन खुर्च्या, आणि लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले पंख. ते उडतं ठेवलंय काकांनी. विमानदुरुस्तीत त्यांची पन्नास वर्षं गेली. आम्हाला सातपुड्याच्या अलीकडच्या रांगा ओलांडून पचमढीला जायचं होतं. मागच्या हिवाळ्यात तामियाच्या कड्यापाशी ढग पाहून मी परत फिरले होते. फिरले ते बरोबरच केलं. पण नंतर वर्षभर डोंगरांकडे विमान नेलंच नाही, ते बरोबर नव्हतं.

"काहून वं, थंडी वाजून राहिली का भेव लागून राहिलं?" पुढच्या खुर्चीत शिरताना काकांनी विचारलं. या जातीचं विमान मागच्या खुर्चीतून चालवतात.

"दोन्ही."

"मंग ठीक आहे. चाल."

उडाल्यावर वळण घेताना मागे कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ट्रक रांगेने उभे दिसले. मग रामटेकची टेकडी आली, आणि पेंचच्या पाण्यावरून उठणारी वाफ. त्यापुढे जमीन हळूहळू उंच होत गेली.

इंधनासाठी छिंदवाड्याला उतरलो. तिथल्या चौकीदाराने शेकोटीपाशी बसवून गक्कड (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याचं भरीत खाऊ घातलं. खाताना तो सारखा विमानाकडे पाहत होता.

"इतना पुराना जहाज? पहाड़ के उस पार?"

"पुराना है, बिगड़ा नहीं," काका म्हणाले आणि अजून एक गक्कड घेतला.

तामियाच्या पुढे आकाश स्वच्छ होतं. दऱ्यांमध्ये मात्र धुकं भरलेलं, त्यातून डोंगरांचे माथे तेवढे वर आलेले. मी ते बघण्यात गुंगले होते. इंजिनाचा आवाज खाली येतोय, हे आधी काकांना कळलं.

"गरम हवेची मूठ ओढ!" हेडफोनमध्ये ते ओरडले.

दमट थंडीत कार्बोरेटरच्या आत बर्फ धरतो. ती मूठ ओढली की तिथे गरम हवा जाते. मी ओढली, तर इंजिन आणखीच बिघडलं. सगळं विमान थरथरू लागलं, नाक खाली गेलं. माझा हात आपसूक मूठ परत ढकलायला निघाला.

"सोडू नको! बरफ पाघळून राहिला, त्याचं पाणी जाऊन राहिलं आत. धरून ठेव!"

खाली पातालकोटची दरी होती. उतरायला हातभर सपाट जागा नव्हती. मी मूठ धरून आकडे मोजू लागले. दहाला उंची घटतच होती. चौदाला इंजिन क्षणभर बंदच पडल्यासारखं झालं. मी हात हलू दिला नाही. सतराला ते मोठ्याने खोकलं आणि पुन्हा एकसुरात चालू लागलं.

काही वेळाने पचमढीचे तांबूस कडे पंखाखालून गेले. धावपट्टीवर चार गायी उभ्या होत्या. एकदा अगदी कमी उंचीवरून घिरटी घालून त्यांना हाकललं आणि मग उतरले. कडेच्या गवतावर पांढरं हिंव (गोठलेलं दव) अजून तसंच होतं. काका इंजिनाचं झाकण उघडून आत पाहत राहिले. मग म्हणाले, "जमलं तुले."

दुसऱ्या दिवशी परतताना पेंचवर आलो. हवा शांत होती. विमान वळवायची दुसरी दांडी काकांच्या पुढ्यात होती. मी म्हणाले, "काका, जरा तुम्ही धरा."



"मले नाही येत."

"पन्नास वर्षांत कधीच नाही?"

"दुरुस्त केलं. चालवाले कोणी म्हटलंच नाही."

"मी म्हणते ना."

त्यांनी दांडी धरली. विमान थोडं डुललं, मग सरळ झालं. रामटेकपर्यंत त्यांनीच चालवलं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. पुढच्या खुर्चीत त्यांची मान जराही हलत नव्हती.

"डावीकडे ओढून राहिलं हे," शेवटी ते म्हणाले. "पंखाची तार ढिली आहे."

इतकं उडूनही ते मला कधी जाणवलं नव्हतं. मी नकळत दांडी उजवीकडे दाबून धरत आले होते.

कामठीला उतरल्यावर मी थर्मासमधला चहा ओतला. काकांनी तो घेतला नाही. पाना घेऊन ते थेट पंखाखाली शिरले. डोंगर ओलांडायचा हट्ट माझा होता आणि काका नुसते सोबतीला आले होते, असं मी दोन दिवस धरून चालले होते. पंखाखालून त्यांचा आवाज आला. एवढा आनंदी आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता.

"जमिनीवरून हे दिसलंच नसतं वं!"